८० टक्क्यांवर थांबायचं की १०० होऊ द्यायचं? फोन चार्जिंगच्या सवयींची समोरासमोर तुलना

नवा फोन घेतला की बॅटरीच्या सेटिंगमध्ये हल्ली एक पर्याय हमखास दिसतो: चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबवा. आयफोनमध्ये तो २०२३ साली आयफोन १५ बरोबर आला. सॅमसंगमध्ये आधी ८५ टक्क्यांची मर्यादा होती, २०२४ पासून ८० ची आहे. गूगलच्या पिक्सेलला तो २०२४ च्या डिसेंबरमधल्या अपडेटने मिळाला. पर्याय समोर आला की प्रश्नही आलेच. तो सुरू करावा का? रात्रभर फोन लावून झोपायची सवय सोडावी का? ६७ वॅटचा चार्जर बाजूला ठेवून जुना १० वॅटचा शोधून काढावा का?

माझं उत्तर आधी सांगतो, कारणं मागाहून. बॅटरीला १०० टक्के चार्ज एकटा फार छळत नाही. थोडी उष्णताही ती एकवेळ सोसते. तिचं आयुष्य खातं ते या दोन्हींचं एकत्र येणं, म्हणजे काठोकाठ भरलेली बॅटरी तासन्‌तास तापत राहणं. तेव्हा कुठली सवय धरायची आणि कुठली सोडायची, हे ठरवताना एकच गोष्ट तपासायची: माझा फोन दिवसातून किती वेळ एकाच वेळी भरलेला आणि गरम असतो?

झीज दोन वाटांनी होते

पहिली वाट वापराची. बॅटरी जितकी भरते-उतरते तितकी झिजते, आणि हे मोजायचं माप म्हणजे सायकल. चार्जर किती वेळा लावला याचा सायकलशी संबंध नाही. आज ६० टक्के वापरलं, उद्या ४० टक्के, की एक सायकल झाली. ॲपल सांगते की आयफोन १४ आणि त्याआधीच्या फोनची बॅटरी ५०० सायकलींनंतर मूळ क्षमतेच्या ८० टक्के राहील अशी बनवलेली आहे. आयफोन १५ पासून हाच आकडा १००० झाला. युरोपीय संघाने २० जून २०२५ पासून तिथे विकायला येणाऱ्या नव्या स्मार्टफोनना ८०० सायकलींनंतर ८० टक्के क्षमता राखायची अट घातली आहे. रोज एक सायकल धरली तर ५०० सायकली म्हणजे साधारण १६ महिने, ८०० म्हणजे सव्वादोन वर्षांच्या आत-बाहेर आणि १००० म्हणजे पावणेतीन वर्षं. जुन्या फोनची बॅटरी दीड-दोन वर्षांत बसायची ती याच हिशेबाने. त्यात वापरणाऱ्याचा दोष असायचाच असं नाही.

दुसरी वाट नुसत्या वेळेची. फोन ड्रॉवरमध्ये पडून राहिला तरी बॅटरी म्हातारी होते. किती लवकर, हे दोन गोष्टींवर ठरतं: ती किती भरलेली आहे आणि किती गरम आहे. लिथियम-आयन सेलसाठी नेहमी दिला जाणारा एक जुना तक्ता बघण्यासारखा आहे. बॅटरी ४० टक्के भरून २५ अंश सेल्सिअसला वर्षभर ठेवली तर क्षमता ९६ टक्के उरते. पूर्ण भरून ठेवली तर ८०. तापमान ४० अंश केलं तर ४० टक्के भरलेली बॅटरी ८५ टक्क्यांवर येते आणि पूर्ण भरलेली थेट ६५ वर. आजचे सेल त्याहून सरस आहेत, त्यामुळे हेच आकडे आपल्या फोनला जसेच्या तसे लावू नयेत. पण क्रम बदललेला नाही. गार आणि अर्धी भरलेली बॅटरी सगळ्यात सुखी, गरम आणि गच्च भरलेली सगळ्यात दुःखी.

असं का होतं, तेही थोडक्यात. बॅटरी भरत जाते तसा तिचा व्होल्टेज चढतो. पूर्ण भरल्यावर एका सेलचा व्होल्टेज जुन्या फोनमध्ये ४.२ च्या आसपास असायचा, नव्यांत ४.४ च्या घरात जातो. त्या उंचीवर आतलं द्रावण हळूहळू विघटित होतं, ग्राफाइटच्या, म्हणजे बॅटरीच्या ऋण टोकाच्या, बाजूला बसणारा थर जाड होत जातो आणि कामाचं लिथियम त्यात अडकून पडतं. कुठलीही रासायनिक क्रिया उष्णतेने वेग घेते, तशी हीही घेते. व्होल्टेज थोडा खाली ठेवला तर फरक मोठा पडतो: कमाल व्होल्टेज ४.२ ऐवजी ४.१ ठेवला तर सायकली जवळपास दुप्पट मिळतात, असा या क्षेत्रातला ठोकताळा आहे. ८० टक्क्यांची मर्यादा याच ठोकताळ्यावर उभी आहे.

१०० विरुद्ध ८०

मर्यादेच्या बाजूने सांगायचं ते वर आलंच. विरुद्ध बाजूचा मुद्दा मात्र लोक पुरेसा बोलत नाहीत, म्हणून इथे जरा थांबू.

समजा फोनच्या बॅटरीची क्षमता ५००० एमएएच आहे. ८० टक्क्यांवर थांबवला तर पहिल्या दिवसापासून तुम्हाला ४००० एमएएच वापरायला मिळतात. मर्यादा न लावता पूर्ण भरत राहिलात तर दोन-तीन वर्षांनी क्षमता ८० टक्क्यांवर येईल, म्हणजे तेव्हा तुमच्या हातात ४००० एमएएच असतील. जे नुकसान तिसऱ्या वर्षी होणार होतं, ते टाळण्यासाठी तुम्ही पहिल्या दिवसापासून तेवढंच नुकसान पत्करताय. ज्याचा फोन संध्याकाळी सहालाच १५ टक्क्यांवर येतो त्याने हे करण्यात काही अर्थ नाही. बॅटरी वापरण्यासाठी विकत घेतलेली आहे.

पण ज्याचा फोन रात्री झोपताना ४५-५० टक्क्यांवर असतो, त्याच्यासाठी चित्र उलटं आहे. वरचे २० टक्के तो कधी वापरतच नाही. त्याने मर्यादा लावली तर त्याला काहीच सोडावं लागत नाही आणि बॅटरी चौथ्या-पाचव्या वर्षापर्यंत ताठ राहते. ऑफिसात टेबलाशी पॉइंट असणारे, घरूनच काम करणारे, फोन मुख्यतः बोलायला आणि व्हॉट्सॲपला वापरणारे ज्येष्ठ, या सगळ्यांनी ही मर्यादा आजच चालू करावी. प्रवासाच्या आदल्या रात्री एकदा काढायची, परत आल्यावर लावायची. आयफोनमध्ये मर्यादा असूनही फोन मधूनच कधीतरी १०० पर्यंत जातो. टक्क्यांचा अंदाज अचूक राहावा म्हणून ॲपलनेच ती सोय ठेवली आहे. तो बिघाड नव्हे.

८० आणि १०० यांच्या मधलाही रस्ता आहे. आयओएस १८ पासून आयफोन १५ आणि पुढच्या फोनवर ८०, ८५, ९०, ९५ अशा टप्प्यांत मर्यादा निवडता येते; सॅमसंगनेही आपल्या वन यूआय ७ या प्रणालीत असे टप्पे दिले. मला ९० हा आकडा बहुतेकांसाठी शहाणपणाचा वाटतो. शेवटच्या दहा टक्क्यांतच व्होल्टेज सगळ्यात वर असतो, आणि दिवसाच्या वापरातून दहा टक्के कमी झाले तर सहसा कळतही नाही.

नव्या बॅटऱ्यांनी या हिशेबात आणखी एक भर घातली आहे. ऋण टोकाला (ॲनोडला) नुसत्या ग्राफाइटऐवजी सिलिकॉन-कार्बन असलेल्या बॅटऱ्या २०२३ पासून फोनमध्ये येऊ लागल्या आणि आता ७००० एमएएचचे फोन मध्यम किमतीतही मिळतात. ७००० चे ८० टक्के म्हणजे ५६००, म्हणजे कालपर्यंतच्या पूर्ण भरलेल्या फोनपेक्षा जास्तच. असा फोन घेतला असेल तर मर्यादा लावायला कचरू नका. शिवाय सिलिकॉन ग्राफाइटपेक्षा जास्त फुगतं-आकसतं, आणि फोनमध्ये या बॅटऱ्यांचा चार-पाच वर्षांचा अनुभव अजून कोणाच्याच गाठीशी नाही. तिला थोडं जपून वापरणं हे एरवीपेक्षा जास्त पटण्यासारखं आहे.

रात्रभर लावणं विरुद्ध लक्ष ठेवून काढणं

‘रात्रभर लावला तर बॅटरी ओव्हरचार्ज होते’ ही समजूत अजून घट्ट आहे. फोन भरला की आतलं सर्किट चार्जिंग थांबवतं. जास्तीचा करंट बॅटरीत कोंबला जात नाही. नुकसान असतं ते दुसरंच: दीड वाजता भरलेला फोन सात वाजेपर्यंत, म्हणजे साडेपाच तास, काठोकाठ भरलेल्या अवस्थेत राहतो.

हे ओळखूनच कंपन्यांनी युक्ती काढली. ॲपलने २०१९ मध्ये आयओएस १३ बरोबर ऑप्टिमाइझ्ड चार्जिंग आणलं, गूगलने २०२० च्या अखेरीस पिक्सेलवर अडॅप्टिव्ह चार्जिंग. फोन तुमची झोपायची-उठायची वेळ शिकतो, ८० टक्क्यांपर्यंत भरून थांबतो आणि उरलेला भाग तुम्ही उठायच्या थोडा आधी पूर्ण करतो. रोज ठरावीक वेळी झोपणाऱ्या माणसाला याहून चांगली व्यवस्था हाताने जमणार नाही. मात्र ज्यांची शिफ्ट दर आठवड्याला बदलते, रुग्णालयात, कारखान्यात, पोलिसांत, त्यांच्या वेळा फोनला उमगत नाहीत आणि तो बिचकून सरळ १०० करून मोकळा होतो. अशांनी शिकणाऱ्या फोनवर विसंबू नये. ८० किंवा ९० ची ठाम मर्यादा लावावी.

उलट बाजूला लक्ष ठेवून काढणारे. २० च्या खाली जाऊ द्यायचा नाही, ८० च्या वर जाऊ द्यायचा नाही, त्यासाठी दिवसातून चारदा पिन लावायची-काढायची. बॅटरीच्या दृष्टीने यात काही खोट नाही. उथळ चार्जिंग खोल चार्जिंगपेक्षा सौम्यच असतं. पण जे काम फोन स्वतः करू शकतो त्यासाठी माणसाने जीव का टाकावा? फोनमध्ये मर्यादेची सोय असेल तर ती लावा आणि विसरून जा. जुन्या निकेल-कॅडमियम बॅटऱ्यांना ‘पूर्ण उतरवून मग भरा’ हा नियम लागू होता, लिथियमला तो उलटा बसतो. फोन रोज शून्यावर नेणं ही सगळ्यात वाईट सवयींपैकी एक आहे. फोन २० टक्के दाखवत असतानाच अचानक बंद पडू लागला तर एखाद्या वेळी पूर्ण उतरवून पूर्ण भरल्याने आकडा ताळ्यावर येऊ शकतो. त्याने मोजमाप सुधारतं, गेलेली क्षमता परत येत नाही.

रात्रीच्या चार्जिंगबद्दल मी आग्रहाने एकच गोष्ट सांगेन: फोन कुठे ठेवता ते बघा. उशीखाली, गादीवर, रजईच्या घडीत चार्जिंगला लावलेला फोन स्वतःची उष्णता बाहेर टाकू शकत नाही. भरलेला आणि गरम, तोही सलग सहा तास. टेबल, फरशी, खिडकीची दगडी कट्टी, यांपैकी कुठेही चालेल. लहान मुलं असलेल्या घरात तर हा बॅटरीच्या आयुष्यापेक्षा मोठा प्रश्न आहे.

विजेच्या बिलाची काळजी मात्र कोणी करू नये. ५००० एमएएचची बॅटरी म्हणजे जेमतेम १९ वॅट-तास. चार्जरमधली गळती धरून २५ माना. रोज एकदा पूर्ण भरली तरी वर्षाला नऊ-दहा युनिट होतात.

फास्ट विरुद्ध संथ

५००० एमएएचच्या फोनला १८-२० वॅट हा मध्यम वेग आहे. अख्खी बॅटरी तासा-सव्वा तासात भरेल असा करंट. ६७ वॅट त्याच्या तिप्पट-चौपट. पण ६७ वॅटचा चार्जर सगळा वेळ ६७ वॅट देत नाही. दिवाळीतल्या एसटीत सुरुवातीचे प्रवासी धडाधड चढून बसतात आणि शेवटच्या दहांना जागा करून द्यायलाच वेळ लागतो, तसंच इथे होतं: बॅटरी रिकामी असताना करंट भरपूर घेते, मग तो आपोआप कमी होत जातो. म्हणून पहिले ५० टक्के पंधरा-वीस मिनिटांत होतात आणि शेवटचे २० रेंगाळतात.

फास्ट चार्जिंगवाल्या कंपन्यांनी उष्णतेवर बरंच काम केलं आहे. काहींनी बॅटरी दोन सेलमध्ये विभागली, म्हणजे प्रत्येक सेलवर निम्मा भार. ओप्पो आणि वनप्लसच्या सुपरवूक पद्धतीत व्होल्टेज उतरवण्याचं बरंच काम चार्जरमध्येच होतं, त्यामुळे ती उष्णता फोनऐवजी भिंतीपाशी राहते; म्हणूनच त्यांना त्यांचीच जाड केबल लागते आणि दुसरी लावली की वेग पडतो. ओप्पोने २०२२ मध्ये १५० वॅट चार्जिंग जाहीर करताना १६०० सायकलींनंतरही ८० टक्के क्षमता राहील असा दावा केला होता. दावा कंपनीचा आहे, पण ‘वॅट जास्त म्हणजे बॅटरी लवकर मेली’ हे सरळ समीकरण आता चालत नाही, एवढं त्यातून नक्की दिसतं.

तरी तुलना करायची झाली तर वेगापेक्षा परिस्थिती बघा. पंख्याखाली, कव्हर काढून, स्क्रीन बंद ठेवून ६७ वॅटने अर्ध्या तासात भरलेला फोन एका बाजूला. दुसऱ्या बाजूला पत्र्याच्या खोलीत, जाड सिलिकॉन कव्हरसकट, गेम खेळता खेळता १५ वॅटवर दोन तास लावलेला. माझ्या मते दुसऱ्याची बॅटरी जास्त लवकर जाणार. खेळताना चार्जिंग अटळच असेल तर काही सॅमसंग, सोनी आणि गेमिंग फोनमध्ये वीज बॅटरीत न घालता थेट फोनला पुरवायची सोय असते. गेमच्या सेटिंगमध्ये शोधून ती चालू करावी.

घाई नसताना फास्ट चार्जिंग बंद करणं चांगलंच. सॅमसंगसह बऱ्याच अँड्रॉइड फोनमध्ये ते सेटिंगमधून बंद करता येतं. रात्री संथ, सकाळी गडबडीत फास्ट, अशी विभागणी बहुतेकांना जमण्यासारखी आहे. पण त्यासाठी ५ वॅटचा पुराणा चार्जर कपाटातून काढायची गरज नाही. त्यातला धोका वेगळाच आहे: वर्षानुवर्षं पडून राहिलेला, पिन सैल झालेला चार्जर.

आयफोनबरोबर २०२० पासून आणि सॅमसंगच्या महागड्या फोनबरोबर २०२१ पासून चार्जर येत नाही, त्यामुळे तो वेगळा घ्यावा लागतो. स्टेशनबाहेरच्या हातगाडीवरचा दीडशे रुपयांचा चार्जर आणि चांगला चार्जर यांत कुठे तडजोड करू नका असं मी म्हणेन तर ती इथेच. अडॅप्टरवर बीआयएसचा, म्हणजे भारतीय मानक ब्यूरोचा, शिक्का आणि आर अक्षराने सुरू होणारा नोंदणी क्रमांक छापलेला असतो. बीआयएस केअर ॲपमध्ये तो नोंदणी क्रमांक टाकून खरा की खोटा हे पडताळता येतं. फोन यूएसबी-पीडी या सामायिक फास्ट चार्जिंग पद्धतीवर चालत असेल तर पीपीएस ही सोय असलेला चार्जर घ्यावा. त्यात व्होल्टेज बारीक पायऱ्यांनी बदलतो आणि फोनमध्ये कमी उष्णता तयार होते.

वायरलेसबद्दल थोडक्यात. सोय मोठी, पण तारेपेक्षा जास्त वीज उष्णता होऊन वाया जाते आणि ती उष्णता नेमकी फोनच्या पाठीला, म्हणजे बॅटरीला लागून तयार होते. फोन पॅडवर वाकडा ठेवला तर आणखीच. लोहचुंबकाने नेमका जागेवर बसणारा मॅगसेफ किंवा क्यूआय२ चार्जर त्यातल्या त्यात बरा. गार खोलीत, रात्री, ठीक. तळपत्या गाडीत नको.

आपला उन्हाळा

ॲपल फोनसाठी बाहेरचं योग्य तापमान ० ते ३५ अंश सांगते आणि ३५ च्या वर बॅटरीच्या क्षमतेचं कायमचं नुकसान होऊ शकतं असा इशारा देते. आता हा आकडा घेऊन मे महिन्यात अकोला, चंद्रपूर किंवा नागपूरला उभे राहा. पारा ४५ च्या पुढे. तिथे फोन काहीही न करता, नुसता खिशात असताना, कंपनीच्या मर्यादेबाहेर असतो.

म्हणून चार्जिंगच्या सवयींवरचा परदेशी सल्ला आपल्याकडे जसाच्या तसा लागू पडत नाही. स्टॉकहोममध्ये रात्रभर १०० टक्क्यांवर राहिलेला फोन आणि वर्ध्यात मे महिन्यात स्लॅबखालच्या खोलीत १०० टक्क्यांवर राहिलेला फोन यांची झीज वेगळी. विदर्भ-मराठवाड्यात, खानदेशात मी लोकांना हेच सांगतो: वर्षभर मर्यादा लावायची नसेल तर नका लावू, पण एप्रिल ते जूनचा पहिला पंधरवडा एवढे दिवस तरी ती ८० वर ठेवा, आणि दुपारचं चार्जिंग टाळून पहाटेचं करा. खोली रात्रीतून गार झालेली असते.

सगळ्यात कठीण अवस्था दुचाकीवरची. खाण्याचे डबे किंवा पार्सल पोचवणारी मुलं हँडलला फोन अडकवतात. त्याच्यावर ऊन थेट पडतं, नकाशा सतत चालू, स्क्रीनचा उजेड पूर्ण, आणि बॅटरी टिकावी म्हणून खालून पॉवरबँकची पिन. उष्णता चारही बाजूंनी. त्यांना ‘८० वर थांबा’ म्हणून चालणार नाही. फोन बंद पडला तर दिवसाची कमाई बुडते. पण पॉवरबँक सतत लावून फोन ९५-१०० वर धरून ठेवण्यापेक्षा ३० ला लावून ७० ला काढणं शक्य असतं. ऑर्डरची वाट बघत सावलीत थांबले असताना लावावा, उन्हात धावताना काढून ठेवावा. होल्डरवर छोटी छत्री-टोपी मिळते, तिचाही उपयोग होतो.

चारचाकीच्या डॅशबोर्डवर, काचेमागे, चार्जिंगला लावलेला फोन हीही तीच गत. एसीच्या झडपेसमोर बसणारा होल्डर याला सोपा उपाय आहे. फोन फार तापला तर तो स्वतःच चार्जिंग थांबवतो आणि तसा संदेश दाखवतो. त्या वेळी कव्हर काढून सावलीत, पंख्याखाली ठेवा. फ्रिजमध्ये ठेवू नका. गार फोन बाहेर काढला की आत दव धरतं आणि ते बॅटरीपेक्षा महागात पडतं. कूलरच्या तोंडाशी ठेवलेला फोनही दमट हवेत न्हातो, जरा बाजूला ठेवा.

शिकागो-टोरंटोतल्या आपल्या माणसांची अडचण उलटी. शून्याखालच्या थंडीत फास्ट चार्जिंग केलं तर लिथियम ॲनोडच्या आत न शिरता पृष्ठभागावर धातू म्हणून साचतं, आणि ते नुकसान भरून येत नाही. बाहेरून आलात की फोन खोलीच्या तापमानाला येऊ द्या, मग लावा.

तर मग कोणासाठी काय

जे दर दोन वर्षांनी फोन बदलतात त्यांनी फार विचार करू नये. शिकणारं चार्जिंग चालू ठेवावं, फोन तापू देऊ नये, बाकी खुशाल १०० करावं. पुढचा गिऱ्हाईक बॅटरीची टक्केवारी विचारणार असेल, विशेषतः आयफोन विकताना, तर ९० ची मर्यादा लावलेली बरी.

चार-पाच वर्षं फोन चालवायचा बेत असेल तर मर्यादा हवीच. आता सॅमसंग आणि गूगल काही फोनना सात वर्षं अपडेट देतात. सॉफ्टवेअर सात वर्षं टिकणार असेल तर बॅटरी तिसऱ्या वर्षी दम तोडू नये.

ज्यांच्याकडे वीज भरवशाची नाही, शेतावर राहणारे, पावसाळ्यात दोन-दोन दिवस अंधारात काढणारे कोकणातले वाडीवस्तीतले लोक, त्यांनी वीज आली की १०० करावं. मनात कसलीही रुखरुख न ठेवता. पूर्ण भरलेला फोन त्यांच्यासाठी गरजेची गोष्ट आहे.

जुना फोन सतत चार्जिंगला लावून दुकानात यूपीआयच्या हिशेबासाठी किंवा घरात कॅमेऱ्याचा पडदा म्हणून ठेवला असेल तर तिथे मर्यादेशिवाय ठेवूच नका. फोनमध्ये सोय नसेल तर टायमरवाला स्विच लावा, दिवसातून दोन तास चालू राहील असा. कारण फुगलेल्या बॅटऱ्या दुरुस्तीच्या दुकानात बहुतेक अशाच फोनमधून येतात. एका दुकानात असा फोन उघडताना मी समोर बसलो होतो. मागचं पॅनल आधीच एका कोपऱ्यातून उचललेलं. दुरुस्त करणाऱ्याने त्यात प्लास्टिकची पातळ पट्टी सारली तसं ते सुटून आलं. आत चंदेरी पाकीट, एरवी बिस्किटाएवढं सपाट असतं ते मधे टम्म. त्याने बोट टेकवलं नाही. स्क्रू काढून आधी कनेक्टर सोडवला, कडेची चिकटपट्टी हलके हलके ओढून बाहेर काढली, पाकीट उचललं आणि वाळूच्या डब्यात ठेवलं. द्रावण विघटित होऊन तयार झालेला वायू त्या पाकिटात कोंडलेला असतो. घरी असा फोन दिसला तर दाबून बसवायचा प्रयत्न करू नका, टाचणीने टोचू तर अजिबात नका, आणि त्याला पुन्हा चार्जिंगला लावू नका.

बॅटरी बदलणं विरुद्ध नवा फोन

बॅटरी कितीही जपली तरी ती एक दिवस जाणारच. आयफोनमध्ये बॅटरी हेल्थच्या पानावर कमाल क्षमता दिसते, आयफोन १५ पासून सायकलींचा आकडाही. सॅमसंगमध्ये सॅमसंग मेंबर्स ॲपच्या तपासणीत बॅटरी ठीक आहे की कमजोर हे कळतं. क्षमता ८० च्या खाली गेली, फोन ३० टक्क्यांवर अचानक बंद पडू लागला किंवा कॅमेरा उघडताच दगा देऊ लागला, तर वेळ आली. कमजोर बॅटरी एकदम जास्त करंट देऊ शकत नाही. २०१७ मध्ये ॲपलने जुन्या बॅटरीचे आयफोन मुद्दाम संथ केल्याचं उघड झालं तेव्हा कंपनीने हेच कारण दिलं होतं, आणि न सांगता केल्याबद्दल माफीही मागितली होती.

फोन संथ झाला म्हणून नवा घेणाऱ्यांनी आधी बॅटरी बदलून बघावी, असं माझं ठाम म्हणणं आहे. बऱ्याच कंपन्या सुट्या भागांचे दर संकेतस्थळावर देतात. बघा, बॅटरीचा खर्च नव्या फोनच्या किमतीचा लहानसा हिस्सा निघेल. फोनला अजून सुरक्षा अपडेट मिळत असतील आणि स्क्रीन धड असेल तर दोन वर्षं सहज वाढतात. बदलताना मूळ बॅटरीच बसवा. ड्युप्लिकेट बॅटरीवर छापलेले जादा एमएएच खरे असतील असं मानू नका, आणि त्यात सुरक्षेचं सर्किट हलकं असण्याचा धोका वेगळा. फोन एकदा उघडला की त्याची पाण्यापासूनची राखण पहिल्यासारखी राहत नाही, हेही लक्षात असू द्या; पावसाळ्यात त्याला पिशवीत ठेवा.

काढलेली जुनी बॅटरी घंटागाडीत टाकू नका. कचऱ्याच्या गाडीत ती दाबली गेली की पेट घेऊ शकते. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनुसार वापरलेल्या बॅटऱ्या गोळा करून पुनर्वापरासाठी पाठवण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे, त्यामुळे सर्व्हिस सेंटरलाच द्या. तोपर्यंत घरी ठेवायची असेल तर टोकांवर चिकटपट्टी लावून, उन्हापासून दूर, धातूच्या वस्तूंपासून वेगळी ठेवा. आणि बॅटरी चांगली असलेला जुना फोन नुसताच बाजूला ठेवणार असाल तर ५० टक्के भरून बंद करा आणि दर सहा महिन्यांनी काढून पुन्हा तेवढाच भरा. शून्यावर ठेवलेला फोन वर्षाने चालूच न होण्याची भीती असते.